सुब्रत पाल, बालेवाडीचा गोलपोस्ट आणि पुण्याचे बंद पडलेले क्लब

मंडळी, आज जरा वेगळा विषय. रस्ते, पाणी, नदीकाठ यावर आपण रोज भांडतोच. आज फुटबॉल. त्यातही गोलकीपर. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक हिशेब सांगतो. इंडियन सुपर लीगमध्ये दर मोसमात सगळ्यांत चांगल्या गोलकीपरला 'गोल्डन ग्लव्ह' नावाचा पुरस्कार देतात. २०१४ पासून २०२४-२५ पर्यंत ११ मोसम झाले, म्हणजे ११ पुरस्कार. त्यातले ६ पुरस्कार अशा गोलकीपरांना मिळालेत, जे कधी ना कधी पुण्याच्या एखाद्या क्लबकडून खेळले होते. २०१५ चा अपौला एडेल, २०१६ चा अमरिंदर सिंग, २०१७-१८ चा सुब्रत पाल, २०२०-२१ चा अरिंदम भट्टाचार्य आणि २०२२-२३ व २०२४-२५ असा दोनदा विशाल कैथ. कुणी पुण्यात घडला, कुणी इथून पुढे गेला, कुणी नाव कमावल्यावर इथे आला.

आता दुसरा हिशेब. हे पुरस्कार त्यांना मिळाले तेव्हा त्यांच्या अंगावर कोणत्या गावाची जर्सी होती? चेन्नई, मुंबई, जमशेदपूर, कोलकाता. पुण्याची एकदाही नाही. आणि आज देशातल्या फुटबॉलच्या वरच्या दोन पातळ्यांवर पुण्याचा एकही पुरुष संघ नाही. २०१४-१५ मध्ये याच शहरात चार क्लब होते. २०१९ चा ऑगस्ट संपेपर्यंत चारही गेले.

हे कसं झालं ते नुसतं क्लबांच्या तारखा देऊन सांगता येईल, पण त्यातून काही कळत नाही. म्हणून एका माणसाच्या कारकिर्दीतून सांगतो. तो माणूस सुब्रत पाल. जन्माने बंगाली, पुण्याशी नात्यागोत्याचा काही संबंध नाही. पण पुण्याच्या फुटबॉलचं काय झालं हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाच्या कारकिर्दीत दिसत नाही.

त्याआधी गोलकीपर या जागेबद्दल दोन शब्द, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

फुटबॉलमध्ये ११ जण खेळतात. त्यातले १० जण जागा बदलू शकतात. बचावपटू मधल्या फळीत खेळेल, विंगर पुढे जाईल, शेवटची २० मिनिटं बदली म्हणून उतरेल. गोलकीपरची जागा एकच. पहिला गोलकीपर खेळतोय तोवर दुसरा बाकावर, आणि तिसरा बहुतेक वेळा बाकावरही नाही. दुखापत किंवा लाल कार्ड नसेल तर गोलकीपर मध्येच कुणी बदलत नाही. म्हणजे २० क्लब असलेल्या देशात रोज सामना खेळणारे गोलकीपर फक्त २०. एक क्लब बंद पडला की पुढे खेळणाऱ्याला दुसरीकडे शोधायला बऱ्याच जागा असतात, गोलकीपरसाठी मात्र थेट एक जागा देशातून कमी होते.

दुसरं म्हणजे गोलकीपर एकट्याने घडत नाही. पोरगं भिंतीवर बॉल मारून स्ट्रायकर होऊ शकतं. गोलकीपरला समोर बॉल मारणारा लागतो, उडी मारून पडायला गवत लागतं, हातमोजे लागतात आणि चूक दाखवणारा वेगळा प्रशिक्षक लागतो. कधी पुढे यायचं, कधी रेषेवर थांबायचं, कॉर्नरला ओरडून कुणाला कुठे उभं करायचं, हे वर्षानुवर्षं सामने खेळून अंगात मुरतं. म्हणून गोलकीपर उशिरा पिकतो आणि जास्त वर्षं टिकतो. त्याला क्लब लागतो, तोही टिकणारा.

आता सुब्रतकडे येऊ.

जन्म २४ नोव्हेंबर १९८६, कोलकात्याजवळचं सोदपूर. शिक्षण टाटा फुटबॉल अकादमीत, जमशेदपूरला. ही अकादमी १९८७ पासून चालू आहे हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. तिथून तो थेट मोहन बागानमध्ये गेला. वय १८.

आणि १८ व्या वर्षीच त्याच्यावर असा प्रसंग आला की दुसरा कुणी असता तर खेळच सोडला असता. ५ डिसेंबर २००४, बंगळुरूचं कांतीरवा स्टेडियम, फेडरेशन कपची अंतिम लढत. मोहन बागानसमोर गोव्याचा डेम्पो. डेम्पोचा ब्राझिलियन स्ट्रायकर क्रिस्टियानो ज्युनियर याने त्या दिवशी दोन गोल केले. दुसऱ्या गोलच्या वेळी पुढे धावत आलेल्या सुब्रतशी त्याची धडक झाली. क्रिस्टियानो कोसळला तो उठलाच नाही. त्याचा मृत्यू झाला.

सगळ्या देशाने ती धडक टीव्हीवर पाहिली. सुब्रतवर बंदी आली, टीका झाली, लोकांनी त्याला नको नको ते म्हटलं. पुढे येऊन बॉलवर झेप घेणं हे गोलकीपरचं रोजचं काम आहे. ज्या कामात एक माणूस गेला, तेच काम पुढची १९ वर्षं करायचं, तीच झेप पुन्हा पुन्हा घ्यायची, हे किती अवघड असेल याचा विचार आपण करत नाही. तो परत उभा राहिला. मोहन बागाननंतर ईस्ट बंगाल, आणि मग भारताचा पहिला गोलकीपर.

३१ ऑगस्ट २००९ ला दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर नेहरू कपची अंतिम लढत झाली, समोर सीरिया. जादा वेळेतही बरोबरी सुटली नाही. पेनल्टी शूटआउटमध्ये सुब्रतने सीरियाच्या किक अडवल्या आणि भारत ५-४ ने जिंकला. पाच वर्षांपूर्वी ज्याला लोकांनी खलनायक ठरवलं होतं, त्यालाच त्या रात्री खांद्यावर घेतलं.

याच काळात तो पुण्यात आला.

पुणे एफसी हा क्लब २००७ मध्ये अशोक पिरामल समूहाने सुरू केला. दोन वर्षांत दुसऱ्या श्रेणीतून आय-लीगमध्ये आला आणि आय-लीगच्या पहिल्याच मोसमात, २००९-१० ला, तिसरा. प्रशिक्षक गोव्याचे डेरिक परेरा. कोलकाता आणि गोवा सोडून तिसऱ्या गावाने आय-लीगमध्ये ऐटीत उभं राहावं हे तेव्हा नवलच होतं. म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात सामने व्हायचे. ज्यांनी पाहिलेत त्यांना आठवत असेल, मोठं स्टेडियम, अर्ध्याहून जास्त रिकामं, आणि एका कोपऱ्यात ढोल घेऊन बसलेली पन्नास-शंभर पोरं. मीही त्या कोपऱ्याच्या आसपास बसणाऱ्यांतला. गर्दी नसल्याचा एक फायदा असा की गोलकीपर बचावफळीवर ओरडतो ते वरपर्यंत ऐकू यायचं. टीव्हीवर गोलकीपर नव्वद मिनिटं नुसता उभा दिसतो. प्रत्यक्षात तो नव्वद मिनिटं बोलत असतो, हे मला बालेवाडीत कळलं.

जानेवारी २०११ मध्ये दोह्याला आशियाई चषक झाला. भारत त्यात २७ वर्षांनी खेळत होता. २००८ ला एएफसी चॅलेंज कप जिंकला म्हणून तिकीट मिळालं होतं. प्रशिक्षक बॉब हाउटन. भारताच्या गोलपोस्टमध्ये सुब्रत पाल, आणि संघाच्या यादीत त्याच्या नावापुढे क्लबचं नाव होतं, पुणे.

गट भलताच कठीण होता. १० जानेवारीला ऑस्ट्रेलियाकडून ०-४. १४ ला बहारीनकडून २-५. १८ ला दक्षिण कोरियाकडून १-४. तीन सामने, १३ गोल खाल्ले. नुसता तक्ता पाहिला तर वाटेल, या गोलकीपरला घरी पाठवा.

पण ज्यांनी कोरियाचा सामना पाहिला ते वेगळं सांगतील. कोरियाच्या त्या संघात पार्क जी-संग होता, १८ वर्षांचा सन ह्युंग-मिन होता. सनने देशासाठीचा आपला पहिला गोल याच सामन्यात केला, आपल्याविरुद्ध. कोरियन लाटेमागून लाट येत होते आणि सुब्रत एकामागून एक शॉट बाहेर काढत होता. चारवर थांबले, आठ-दहा सहज झाले असते. परदेशी पत्रकारांनी तेव्हा त्याला 'स्पायडरमॅन' म्हटलं आणि ते नाव पुढे चिकटलं.

माझ्या मते पुण्याच्या फुटबॉलचा तो सगळ्यात मोठा दिवस. आणि पुण्यात तो कुणाला माहीतही नाही. त्या महिन्यात आपण सगळे क्रिकेटच्या वर्ल्ड कपच्या तयारीत होतो. तक्रार नाही, मीही होतो.

सुब्रत पुढे प्रयाग युनायटेडमध्ये गेला, कोलकात्याला. तिथेही पैसा एका उद्योगसमूहाचा. तो समूह बाजूला झाला आणि क्लब थोड्याच दिवसांत आय-लीगबाहेर पडला. जानेवारी २०१४ मध्ये डेन्मार्कच्या वेस्टजीलँड क्लबने सुब्रतला करारबद्ध केलं. युरोपातल्या वरच्या श्रेणीतल्या क्लबशी करार करणारा तो पहिला भारतीय गोलकीपर. मुख्य संघात खेळायला मिळालं नाही, राखीव संघात खेळला आणि परत आला. तोवर इंडियन सुपर लीग सुरू होत होती.

आता पुण्यात काय चाललं होतं ते बघू, कारण इथून गोष्ट वेग घेते.

पुणे एफसी २०१२-१३ ला आय-लीगमध्ये दुसरा आला, चर्चिल ब्रदर्सच्या मागे. २०१४ मध्ये एएफसी कप खेळला, म्हणजे पुण्याचा क्लब आशियाई स्पर्धेत. त्याच वर्षी ड्युरँड कपच्या अंतिम फेरीत. अकादमी चांगली चालली होती. पंजाबातल्या माहिलपूरचा एक पोरगा तिथूनच वर आला, आधी स्ट्रायकर होता, मग हातमोजे घातले. तो अमरिंदर सिंग. केरळचा आशिक कुरुनियन हाही याच अकादमीतला.

२०१४ मध्ये सुपर लीग आली आणि पुण्याला दुसरा क्लब मिळाला, एफसी पुणे सिटी, वाधवान समूहाचा. त्याच मोसमात कल्याणी समूहाचा भारत एफसी आय-लीगमध्ये उतरला. आणि खालच्या श्रेणीत डीएसके शिवाजीयन्स होताच, पुण्याचा जुना शिवाजीयन्स क्लब डीएसके समूहाने हाती घेतला होता. एका शहरात चार क्लब! प्रत्येक क्लबला तीन गोलकीपर धरले तर बारा जण पुण्यात हातमोज्यांवर पगार घेत होते. कोलकाता आणि गोवा सोडले तर हे भाग्य कुणाला नव्हतं.

मग गळती लागली.

भारत एफसी एक मोसम खेळला, तळाला राहिला, आणि कल्याणी समूहाने माघार घेतली. २०१५ संपता संपता पुणे एफसीचंही शटर खाली आलं. अकादमी तेवढी एफसी पुणे सिटीने घेतली. डीएसके शिवाजीयन्सला आय-लीगमध्ये थेट प्रवेश मिळाला, दोन मोसम खेळले, २०१७ मध्ये बंद. त्यानंतर काही महिन्यांत डीएसके समूहाचं काय झालं ते पुण्यातल्या ठेवीदारांना मी सांगायला नको. उरला एफसी पुणे सिटी. त्यांनी २०१७-१८ ला कमाल केली, पहिल्यांदा उपांत्य फेरी गाठली. गोलमध्ये हिमाचलमधल्या रोहरूचा विशाल कैथ. बालेवाडीत बंगळुरूला ०-० रोखलं, पण परतीच्या लढतीत सुनील छेत्रीने तीन गोल केले आणि गोष्ट संपली. वर्षभराने, २०१९ च्या उन्हाळ्यात, वाधवानांची डीएचएफएल ही गृहकर्ज देणारी कंपनी हप्ते थकवू लागली. ऑगस्टमध्ये क्लब संपला.

इथे एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? पुणे एफसीमागचा समूह बांधकाम व्यवसायात. डीएसके म्हणजे बिल्डर. वाधवान म्हणजे गृहकर्ज. चारांतल्या तीन क्लबांमागे घराच्या धंद्याचा पैसा होता. पुण्यात फ्लॅट विकले जात होते तोवर फुटबॉल चालला. तो धंदा गोत्यात आला की सगळ्यात आधी कशावर कात्री चालणार? फुटबॉलवरच. फुटबॉल हा त्यांच्या ताळेबंदातला जाहिरातीचा खर्च होता. यात मी कुणाला खलनायक ठरवत नाही. या लोकांनी स्वतःचे पैसे घातले, चांगले प्रशिक्षक आणले, पोरं घडवली. दुसरं कुणी तेवढंही केलं नाही. पण जे एका माणसाच्या किंवा एका कंपनीच्या मर्जीवर उभं असतं, ते त्या कंपनीबरोबरच पडतं.

परत सुब्रतकडे. तो २०१६-१७ च्या मोसमात पुन्हा पुण्यात आला होता, या वेळी डीएसके शिवाजीयन्सच्या गोलमध्ये. २०१६ मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला होता. म्हणजे बघा, देशाचा अर्जुन पुरस्कारविजेता गोलकीपर आपल्या गावच्या क्लबकडून खेळत होता आणि मोसम संपल्यावर तो क्लबच उरला नाही. पुण्यात तो दोनदा आला, दोन वेगळ्या क्लबांकडून खेळला, आणि आज ते दोन्ही क्लब नाहीत.

मग तो गेला जमशेदपूर एफसीत, टाटांच्या क्लबमध्ये, जिथे लहानपणी शिकला त्याच गावात. पहिल्याच मोसमात, २०१७-१८ ला, गोल्डन ग्लव्ह. वय ३१. गोलकीपर उशिरा पिकतो म्हटलं ते यासाठी.

टाटा म्हणजे सुद्धा कंपनीच की, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण १९८७ ची अकादमी अजून चालू आहे. मधल्या काळात पोलादाचा धंदा वर गेला, खाली आला, अकादमीला कुलूप लागलं नाही. तेव्हा प्रश्न पैसा कंपनीचा की सरकारचा हा नाही. तो पैसा वाईट वर्षातही येईल अशी व्यवस्था आहे का, हा आहे.

आता गोष्टीतला सगळ्यात बोचणारा भाग. एफसी पुणे सिटी बंद झाला तेव्हा सुपर लीगमधली पुण्याची जागा नव्या मालकांनी घेतली आणि ती हैदराबादला नेली. हैदराबाद एफसी. २०२० मध्ये त्या क्लबने गोलकीपर म्हणून कुणाला घेतलं? सुब्रत पालला! पुण्यातून उठून गेलेल्या जागेवर पुण्याचे दोन क्लब बुडताना पाहिलेला गोलकीपर. तिथे त्याच्याबरोबर गोव्याचा लक्ष्मीकांत कट्टीमणी होता. सुब्रत पुढे तिथूनही ईस्ट बंगालला गेला, पण २० मार्च २०२२ ला फातोर्ड्याच्या अंतिम सामन्यात कट्टीमणीने शूटआउटमध्ये केरळच्या तीन किक अडवल्या आणि हैदराबाद चॅम्पियन झालं. आपली जागा गेल्यानंतर तिसऱ्याच मोसमात.

आपण हळहळायचं तेवढ्यात हैदराबादचंही तेच झालं. पैसे संपले, खेळाडू गेले, आणि २०२५ मध्ये तीच जागा दिल्लीला गेली. पुणे, हैदराबाद, दिल्ली. भाडेकरू घर बदलतो तसा क्लब गाव बदलतो आहे. आणि त्याच २०२५ च्या जुलैमध्ये तर करारांच्या वादात सगळी सुपर लीगच थांबवून ठेवली गेली, काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. म्हणजे पुण्यात २०१५ ते २०१९ मध्ये जे झालं ती पुण्याची खासियत नव्हती. आपल्याकडे ते आधी झालं एवढंच. तेव्हा आपण त्यावर बोललो नाही, म्हणून मी आज बोलतोय.

सुब्रत डिसेंबर २०२३ मध्ये निवृत्त झाला. भारतासाठी साठहून अधिक सामने. पुढे फुटबॉल महासंघाने त्याला राष्ट्रीय संघांचा संचालक केलं. त्याचं भलं झालं. अमरिंदर पुणे एफसीनंतर बंगळुरूला गेला, मग मुंबई सिटीचा कर्णधार झाला आणि २०२०-२१ ला लीग आणि अंतिम सामना दोन्ही जिंकून देणाऱ्या संघाचं नेतृत्व केलं. विशाल कैथ मोहन बागानचा पहिला गोलकीपर आहे, २०२४-२५ मध्ये १५ सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही. त्याच कैथच्या हातून जून २०२५ मध्ये हाँगकाँगविरुद्ध शेवटच्या क्षणी पेनल्टी गेली आणि भारत हरला. सोशल मीडियावर त्याची जी धुलाई झाली ती पाहताना मला २००४ चा सुब्रत आठवत होता. गोलकीपरच्या नशिबी हे असतंच. स्ट्रायकरच्या दहा चुका लोक विसरतात, गोलकीपरची एकही नाही.

तेव्हा ज्यांच्याकडे गुण होते आणि ज्यांचं वेळेवर नाव झालं होतं, त्यांना दुसरी गावं मिळाली. माझा प्रश्न वेगळ्या पोरांचा आहे. ढोबरवाडीच्या मैदानावर, एसएसपीएमएसच्या मैदानावर जिल्हा लीगचे सामने बघायला कधी गेलात तर गोलमध्ये उभी असलेली पोरं बघा. कुणी घोरपडीचा, कुणी खडकीचा, कुणी कॅम्पातला. त्यांतल्या एखाद्यात गुण असतील. पण २०१४ मध्ये असा पोरगा बसने बालेवाडीला जाऊन चाचणी देऊ शकत होता. राहायला घर, जेवायला घर, आईवडिलांच्या नजरेसमोर. आज त्याला १४-१५ व्या वर्षी घर सोडावं लागेल. ज्याच्या घरी परवडतं तो जाईल. बाकीचे बारावीनंतर हातमोजे माळ्यावर टाकतील. गेल्या दहा वर्षांत देशाच्या पहिल्या गोलकीपरांपैकी इतके जण या शहरातून गेले, पण त्यात पुण्यात जन्मलेला एक नाही. क्लब आणखी दहा-पंधरा वर्षं टिकले असते तर कदाचित झाला असता.

यावर उपाय काय? 'कुणीतरी मोठा उद्योगपती यावा' हा उपाय चार वेळा करून झाला.

जरा दक्षिणेला बघू. कोल्हापूर. तिथे पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, प्रॅक्टिस क्लब ही नावं पिढ्यान्‌पिढ्या चालली आहेत. शाहू स्टेडियमवर स्थानिक सामन्याला पेठाच्या पेठा लोटतात. तिथला फुटबॉल गुणवत्तेने सुपर लीगच्या जवळपास नाही, भांडणंही होतात, हे सगळं मान्य. पण कोल्हापूरचा संघ कुठल्या कंपनीचं दिवाळं निघालं म्हणून बंद पडत नाही. कारण तो पेठेचा आहे. मुळं लोकांत आहेत, पैसा वरून येत नाही. तिथे कमी आहे ती वरच्या शिडीची. आपल्याकडे शिडी होती, खाली जमीन नव्हती.

आणि पुण्याला हे जमणार नाही असं कुणी म्हणू नये. शंभर वर्षं ओलांडलेली गणेश मंडळं याच शहरात वर्गणीवर चालतात. अध्यक्ष बदलतात, भांडतात, दोन गट पडतात, पण मंडळ बंद पडत नाही. क्लबला लागते ती नेमकी हीच चिकाटी.

माझं म्हणणं थोडक्यात मांडतो, पटेल ते घ्या. एक, पुण्याच्या नावाने पुढचा क्लब येईल तेव्हा त्यात सभासदांचा वाटा असावा, आणि गाव सोडून जाता येणार नाही अशी अट मैदान देतानाच घालावी. बालेवाडीचं संकुल लोकांच्या पैशातून उभं आहे, अट घालण्याचा हक्क आपला आहे. दोन, क्लब बुडाला तरी अकादमी बुडू नये, तिचा पैसा वेगळा बाजूला ठेवलेला असावा. तीन, आणि हे आजही करता येईल, महापालिकेच्या आणि शाळांच्या मैदानांवर आठवड्यातून दोन दिवस गोलकीपरांसाठी वेगळं प्रशिक्षण सुरू करावं. एक प्रशिक्षक, दहा बॉल, जरा गवत. याला उद्योगपती लागत नाही.

तुमच्यापैकी जे बालेवाडीला जायचे, लाल जर्सीच्या पुणे एफसीला किंवा पुणे सिटीच्या ऑरेंज आर्मीत, त्यांनी खाली जरूर लिहा. कुणाकडे तिकिटं, फोटो असतील तर टाका. या क्लबांचा इतिहास कुणी जपून ठेवलेला नाही, तो आपल्याच फोनमध्ये पडून आहे.

आणि तुमच्या सोसायटीत, वस्तीत एखादं पोरगं सगळ्यांच्या आधी पळत जाऊन दोन चपलांच्या गोलमध्ये उभं राहत असेल, तर त्याला 'तू जाड आहेस म्हणून गोलमध्ये' असं चिडवू नका. जमलं तर त्याला बरे हातमोजे घेऊन द्या.